छोटा आणि कमी लॉसचा मायक्रोवेव्ह आयसोलेटर डिझाइन करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएफच्या (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या) कामात नवीन आलेली मुलंमुली, एमटेकचे प्रोजेक्टवाले, कधी कधी जुने अनुभवी लोकसुद्धा आयसोलेटरबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं बसून लिहून काढलंय. फोन, वॉकीटॉकी, छोटे रेडिओ मोड्यूल यांच्यात बसतील असे आयसोलेटर डोळ्यासमोर ठेवलेत, रडारचे मोठे डबे नाहीत.

आयसोलेटर म्हणजे नक्की काय? वायरलेस डिव्हाइसमध्ये तो लागतो कशाला?

ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे त्यांना फूट व्हॉल्व माहीत असतो, पाणी वर चढतं पण मोटार बंद केली तरी परत खाली उतरत नाही. आयसोलेटर सिग्नलला तसंच करतो, फरक एवढाच की फूट व्हॉल्व पाणी अडवून धरतो आणि आयसोलेटर काही अडवत नाही, परत येणारी पॉवर एका रेझिस्टरमध्ये नेतो आणि तिथे तिची उष्णता होऊन जाते.

आता लागतो कशाला ते बघा. फोन हातात धरला, कानाला लावला, टेबलावर उपडा ठेवला की अँटेनाचं मॅचिंग बिघडतं. समजा व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे मॅचिंग किती बिघडलंय त्याचं माप (१ म्हणजे अगदी परफेक्ट), ३ झाला, तर पाठवलेल्या पॉवरमधली २५ टक्के पॉवर परत पॉवर अँप्लिफायरच्या तोंडावर येते. अँप्लिफायर ५० ओहमचा लोड दिसेल असं धरून ट्यून केलेला असतो, लोड बदलला की त्याची लिनिअरिटी ढासळते, शेजारच्या चॅनलमध्ये घाण पसरते, करंट वाढतो. मधे २० डीबी आयसोलेशनचा आयसोलेटर असेल तर परत येणारी ती पॉवर आणखी १०० पटीने कमी होते आणि अँप्लिफायरला अँटेनाच्या बाजूने साधारण १.१ चा व्हीएसडब्ल्यूआर दिसतो, म्हणजे बाहेर कोणी अँटेना मुठीत धरली तरी त्याला पत्ताच लागत नाही.

सर्क्युलेटर आणि आयसोलेटर एकच का?

जवळपास एकच. सर्क्युलेटर म्हणजे तीन रस्त्यांचा गोल चौक जिथे सगळी वाहनं एकाच दिशेने फिरतात, पहिल्या रस्त्याने आलेला दुसऱ्याने बाहेर, दुसऱ्याने आलेला तिसऱ्याने बाहेर. तिसऱ्या रस्त्याच्या टोकाला ५० ओहमचा लोड लावून टाकला की झाला आयसोलेटर. इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात, तो लोड जेवढा चांगला तेवढंच आयसोलेशन. लोडचा रिटर्न लॉस (लोडवरून उसळून परत येणारा सिग्नल किती कमी आहे त्याचं माप) १५ डीबी असेल तर चौकाच्या मधलं फेराइट (मॅग्नेटिक सिरॅमिक) कितीही भारी आणा, आयसोलेशन १५ च्या आसपासच अडकणार, कारण लोडवरून उसळलेला सिग्नल चौकातून फिरून थेट पहिल्या पोर्टवर येतो.

फेराइट आणि मॅग्नेटच का हवं? डायोड किंवा अटेन्युएटरने नाही का होणार?

डायोड करंटची दिशा ओळखतो, लाटेच्या प्रवासाची दिशा नाही, आरएफ सिग्नलमध्ये करंट दोन्हीकडे झुलतच असतो त्यामुळे डायोड फक्त सिग्नल चिरडून हार्मोनिक तयार करेल. अटेन्युएटरने परत येणारी पॉवर कमी होते खरी पण जाणारीही तेवढीच कमी होते. साध्या कॉपर, सिरॅमिक, कॅपॅसिटर, कॉइलचं कुठलंही सर्किट जाताना आणि येताना सारखंच वागतं, यालाच रेसिप्रोसिटी म्हणतात, आणि ती मोडायला बाहेरून काहीतरी दिशा द्यावी लागते. मॅग्नेटचं फील्ड ती दिशा देतं.

फॅराडेने १८४५ मध्ये दाखवलं की मॅग्नेटिक फील्डमध्ये काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशन वळतं, आणि गंमत ही की परत येतानाही ते त्याच बाजूला वळतं, उलटं होऊन मूळ जागी येत नाही. टेलेगेनने १९४८ मध्ये जायरेटर नावाचा, जाताना आणि येताना वेगळा वागणारा घटक कागदावर मांडला, पोल्डरने १९४९ मध्ये फेराइटच्या पर्मिएबिलिटीचं (मॅग्नेटिक फील्डला ते कसं उत्तर देतं त्याचं) टेन्सर, म्हणजे दिशेनुसार आकड्यांचा तक्ता, लिहून दिलं, १९५२ मध्ये बेल लॅब्जमध्ये होगनने मायक्रोवेव्ह जायरेटर प्रत्यक्ष करून दाखवला, आणि १९५६ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला बर्टो आणि फोरा यांनी यिट्रियम आयर्न गार्नेट हे फेराइट शोधलं ज्याला आपण सगळे यिग म्हणतो. आज फोनमध्ये मावेल एवढा आयसोलेटर होतो तो १९४८ ते १९५६ या आठ वर्षांत उघडलेल्या वाटेमुळे.

०.३ डीबी आणि ०.६ डीबी लॉसमध्ये एवढा काय फरक पडतो?

बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत पडतो. अँटेनाला १ वॉट द्यायचाय, तर ०.३ डीबी लॉस असताना अँप्लिफायरने १.०७ वॉट काढायला हवा आणि ०.६ असताना १.१५ वॉट. वरवर फरक पाऊण दशांश वॉटचा, पण अँप्लिफायरची एफिशिअन्सी ४० टक्के धरली तर बॅटरीतून जवळजवळ ०.२ वॉट जास्त ओढला जातो, आणि तो सगळा उष्णता होऊन त्याच इवल्याशा डब्यात राहतो. म्हणून डेटाशीटवरच्या दुसऱ्या दशांश स्थानासाठी लोक महिनोन्‌महिने भांडतात आणि ते बरोबरच करतात.

आयसोलेटर छोटा करणं एवढं अवघड का आहे?

साध्या डिस्कच्या सर्क्युलेटरचा हिशोब करून बघा. फेराइटच्या गोल चकतीत लाट घुमते आणि चकतीचा आकार तरंगलांबीला बांधलेला असतो, वेव्हनंबर (२ पाय भागिले फेराइटमधली तरंगलांबी) गुणिले त्रिज्या बरोबर १.८४ हे समीकरण आरएफवाल्यांना पाठ असतं. फेराइटची पर्मिटिव्हिटी १५ आणि पर्मिएबिलिटी १ धरली तर २ गिगाहर्ट्झला त्रिज्या येते साधारण ११.३ मिमी, म्हणजे चकती २२-२३ मिमीची. ९०० मेगाहर्ट्झला हीच चकती ५० मिमीची होते. फोनमध्ये कुठे ठेवणार?

म्हणून छोट्या आयसोलेटरमध्ये लाट घुमवायच्या भानगडीत पडतच नाहीत, लम्प्ड एलिमेंटवर, म्हणजे तरंगलांबीपेक्षा खूप छोट्या कॉइल-कॅपॅसिटरवर जातात. दोन-तीन मिमीचा गार्नेटचा तुकडा, त्यावर एकमेकींना १२० अंशात ओलांडणाऱ्या तीन बारीक पट्ट्या, मधे पातळ इन्सुलेशन, प्रत्येक पट्टीच्या टोकाला कॅपॅसिटर. पट्टीची इंडक्टन्स आणि कॅपॅसिटर मिळून रेझोनन्स होतो आणि गार्नेटमुळे एका पट्टीतली एनर्जी दुसरीत एकाच दिशेने सरकते. जपानी कंपन्यांनी याच पद्धतीने मोबाइलचे आयसोलेटर ७ मिमीवरून ५, मग ४ आणि पुढे आणखी खाली आणले. पण आकार तरंगलांबीतून सुटला म्हणजे फुकट सुटला असं नाही, त्याची किंमत लॉस आणि बँडविड्थमध्ये मोजावी लागते, ते पुढे येतंय.

मॅग्नेट किती जोराचं ठेवायचं? रेझोनन्सच्या वर की खाली?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि मला वाटतं बहुतेक खराब डिझाइन इथेच खराब होतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

फेराइटमधले स्पिन फील्डमध्ये भोवऱ्यासारखे डुलतात, दर ओर्स्टेडला (मॅग्नेटिक फील्डचं एकक) २.८ मेगाहर्ट्झ या वेगाने, फेराइटचा रेझोनन्स म्हणतात तो हाच. फेराइटच्या आतलं फील्ड ३२१ ओर्स्टेड असेल तर हे डुलणं ९०० मेगाहर्ट्झला येतं, आणि तुमचा सिग्नलही तिथेच असेल तर फेराइट सगळी पॉवर गिळून टाकतं. म्हणजे तिथून लांब राहायला हवं. लांब कुठल्या बाजूला? कमी फील्डच्या बाजूला गेलात तर बँडविड्थ चांगली मिळते पण फेराइट पूर्ण सॅच्युरेट होत नाही (सगळे स्पिन एका दिशेला येत नाहीत) आणि लो-फील्ड लॉस नावाचं दुखणं सुरू होतं. शुद्ध यिगचं सॅच्युरेशन साधारण १७८० गॉस, त्याला २.८ ने गुणा, ५ गिगाहर्ट्झ येतात. ढोबळमानाने त्याच्या खालच्या फ्रिक्वेन्सीला शुद्ध यिग रेझोनन्सखाली वापरायचं नाही. म्हणून फोनच्या बँडमध्ये, ९०० असो की १९००, रेझोनन्सच्या वर म्हणजे जास्त फील्डवर काम करतात.

मग नवीन माणसाला वाटतं की वरच जायचंय तर भरपूर वर जाऊ, मोठं मॅग्नेट लावू, फेराइटचा लॉस शून्याला नेऊ. फेराइटचा लॉस खरंच कमी होतो, पण टोटल लॉस एका जागेनंतर उलटा वाढायला लागतो. असं का? रेझोनन्सपासून लांब गेलात की फेराइट डावीउजवीकडे जो भेदभाव करतं तोच पातळ होतो, भेदभाव पातळ झाला की सर्किटचा लोडेड क्यू वाढतो, म्हणजे तीच एनर्जी बाहेर पडायच्या आधी आत जास्त वेळा झुलते, आणि प्रत्येक झुलण्याला कॉपर आणि कॅपॅसिटर आपला वाटा काढून घेतात. ढोबळ सूत्र असं: लॉस म्हणजे वजा २० लॉग (१ वजा लोडेड क्यू भागिले अनलोडेड क्यू), अनलोडेड म्हणजे बाहेर काहीच न जोडता फक्त आतल्या लॉसवरून ठरणारा क्यू. लोडेड ५ आणि अनलोडेड २०० असेल तर ०.२२ डीबी. लोडेड १० केलात तर थेट ०.४५ च्या आसपास.

म्हणजे खोलगट भांड्यासारखा आलेख आहे, एका कडेला फेराइट खातं, दुसऱ्या कडेला धातू खातो, आणि तुम्हाला तळ शोधायचाय. फील्ड पाच-सहा पायऱ्यांत बदलून हा आलेख काढल्याशिवाय मॅग्नेटची ऑर्डर देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

फेराइट कुठलं निवडायचं?

कमी फ्रिक्वेन्सीला छोट्या आयसोलेटरसाठी गार्नेटच, त्यातही कॅल्शियम-व्हॅनेडियम घातलेले गार्नेट कारण त्यांची रेझोनन्स लाइनविड्थ (फेराइट पॉवर गिळतं त्या पट्ट्याची रुंदी) अरुंद असते, नेहमीच्या पॉलिक्रिस्टलाइन यिगची ३०-५० ओर्स्टेडच्या घरात असेल तर यांची १० च्या आसपास येते. लाइनविड्थ अरुंद म्हणजे रेझोनन्सच्या जास्त जवळ जाऊन काम करता येतं आणि वरच्या भांड्याचा तळ आणखी खाली जातो. लाइनविड्थचा आकडा कॅटलॉगमध्ये रेझोनन्सवर मोजलेला असतो आणि तुम्ही काम लांब करणार असता, तरी दोन मटेरियलची तुलना करायला तो चालतो.

मॅग्नेट समेरियम कोबाल्टचं लावलं तर तापमानाचा प्रश्नच मिटेल ना?

ऐकायला बरोबर वाटतं पण बऱ्याचदा उलटं होतं. स्ट्रॉन्शियम फेराइटचं साधं मॅग्नेट दर अंशाला साधारण ०.२ टक्के कमजोर होतं, समेरियम कोबाल्ट ०.०३ ते ०.०५ टक्के. पण गार्नेटचं स्वतःचं मॅग्नेटायझेशनही गरम झालं की घसरतं, आणि चकतीच्या आतलं फील्ड म्हणजे बाहेरचं फील्ड वजा त्या मॅग्नेटायझेशनचा वाटा. गार्नेट घसरला की वजाबाकी कमी होते आणि आतलं फील्ड वाढतं. त्याच वेळी मॅग्नेटही थोडं घसरलं तर दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. मॅग्नेट एकदम स्थिर असेल तर सांभाळायला कोणी नाही आणि बँड सरकत जातो. स्वस्त मॅग्नेट इथे जास्त शहाणं ठरतं ते असं. एकच काळजी, फेराइट मॅग्नेटची कोअर्सिव्हिटी (चार्ज उतरायला विरोध करायची ताकद) थंडीत कमी होते, त्यामुळे उणे ३०-४० अंशाची टेस्ट चुकवू नका, पातळ मॅग्नेट तिथे कायमचं कमजोर होऊ शकतं.

मग लॉस नक्की जातो कुठे? फेराइट तर चांगलं घेतलंय.

धातूत आणि मॅचिंगमध्ये. फोनमध्ये मावणाऱ्या आयसोलेटरमध्ये माझ्या अनुभवाने आधी तिथेच बघावं.

पहिलं, मॅचिंग. रिटर्न लॉस १५ डीबी असेल तर सुमारे ३.२ टक्के पॉवर आत शिरतच नाही, तिथेच ०.१४ डीबी गेले. लोक फेराइट बदलत बसतात आणि एस-वन-वन (इनपुटवरून किती परत येतं तो आकडा) बघतच नाहीत.

दुसरं, करंट वाहतो ती कातडी. १ गिगाहर्ट्झला कॉपरची स्किन डेप्थ जेमतेम २ मायक्रॉन. बाहेरची लोखंडी योक (मॅग्नेटचं फील्ड फिरवून परत आणणारं कवच) मॅग्नेटिक सर्किटसाठी लागतेच, पण आरएफ करंटसाठी लोखंड म्हणजे खडी पसरलेला रस्ता, म्हणून तिच्यावर कॉपर आणि वर चांदीचा थर देतात, आणि तो स्किन डेप्थच्या तीन-चार पट तरी जाड हवा. प्लेटिंगवाल्याने चांदी चिकटावी म्हणून खाली निकेल दिलं आणि वरची चांदी पातळ ठेवली की संपलं, निकेल मॅग्नेटिक आहे, करंट त्यात उतरतो आणि लॉस कुठून आला ते कोणालाच समजत नाही. ड्रॉइंगवर नुसतं सिल्व्हर प्लेटेड लिहू नका, थर आणि जाडी दोन्ही लिहा. मधल्या पट्ट्यांचंही तेच, सोन्याखाली निकेल असलेलं फिनिश तिथे टाळा.

तिसरं कॅपॅसिटर. बिल ऑफ मटेरियलमध्ये दोन पैसे वाचवून साधा सिरॅमिक घातला तर अनलोडेड क्यू तोच खाली ओढतो. हाय-क्यूच घ्या.

तीन पोर्टवाला बनवू की दोन पोर्टवाला?

दोन पट्ट्या ९० अंशात ओलांडायच्या आणि दोन्ही पोर्टच्या मधे रेझिस्टर टाकायचा, अशीही रचना आहे. सिग्नल पुढे जाताना रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं म्हणून त्यातून करंट जात नाही, उलट येताना मात्र रेझिस्टर सगळं खातो. तिसरी पट्टी नाही, तिसरा रेझोनन्स नाही, त्यामुळे जाण्याचा लॉस कमी आणि आकारही लहान. आयसोलेशन मात्र अरुंद बँडमध्ये मिळतं. बॅटरीवाल्या वस्तूत मी तरी हाच आधी तपासून बघेन, कारण तिथे तुम्हाला ३० डीबी आयसोलेशन नकोच असतं, लॉस कमी हवा असतो.

सिम्युलेशन आणि खऱ्या सॅम्पलचं जमत नाही, का?

बहुतेक वेळा सिम्युलेशनमध्ये फील्ड सगळीकडे एकसारखं टाकलेलं असतं. खऱ्या डब्यात गार्नेटच्या कडेला आणि मधोमध फील्ड वेगळं असतं, मॅग्नेट जेवढं पातळ आणि छोटं तेवढा हा फरक जास्त. आधी मॅग्नेटोस्टॅटिक सॉल्व्हरमध्ये मॅग्नेट, योक, गार्नेट सोडवून घ्या आणि ते फील्ड एचएफएसएस किंवा सीएसटी या आरएफ सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये न्या, जमायला लागेल.

०.३ डीबी मोजताना रीडिंग दर वेळी वेगळं का येतं?

कारण तुमच्या जिगचाच (पार्ट बसवून मोजायच्या फिक्स्चरचाच) लॉस त्याच्याएवढा आहे. कनेक्टर आणि लाइन मिळून ०.२ डीबी सहज जातात, म्हणून कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला न करता पार्टच्या पायापर्यंत आणा, त्याच बोर्डवर टीआरएलचे (थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन कॅलिब्रेशनचे) स्टँडर्ड काढून घेतले तर उत्तम. कनेक्टर टॉर्क रेंचनेच आवळा, हाताने नको.

आणि टेबलावर काय पडलंय ते बघा. एकदा ९०० मेगाहर्ट्झचा सॅम्पल जिगमध्ये होता, स्क्रीनवर आयसोलेशनचा खड्डा अगदी मधोमध बसलेला, आणि मी शेजारचा कॅपॅसिटर नीट करायला स्टीलचा चिमटा जवळ नेला तर टेकायच्या आधीच खड्डा दहा-बारा मेगाहर्ट्झ बाजूला सरकला. चिमटा लांब नेला, परत जागेवर. दोनदा तीनदा करून बघितलं. पातळ योकमधून फील्ड बाहेर गळत होतं आणि स्टीलचा चिमटा ते ओढून घेत होता. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर पितळी आणि प्लास्टिकचीच हत्यारं असतात, आणि योकची जाडी कमी करायची सूचना आली की मी आधी ही गळती मोजून दाखवतो.

सेंटर फ्रिक्वेन्सी जागेवर आणायलाही मॅग्नेटच वापरतात, आधी पूर्ण चार्ज करायचं आणि मग कॉइलने थोडं थोडं उतरवत स्क्रीनवर बघत आणायचं.

बोर्डवर बसवताना काय सांभाळायचं?

दोन आयसोलेटर अगदी चिकटून ठेवू नका, एकमेकांचं फील्ड बिघडवतात. स्पीकरचं मॅग्नेट, व्हायब्रेशन मोटार, वरचं लोखंडी शील्ड, सगळ्यांपासून अंतर. रिफ्लोमध्ये बोर्ड २५० अंशाच्या आसपास जातो, आतले जोड त्याआधी वितळणारे नसावेत.

आजकालच्या फोनमध्ये तर आयसोलेटर दिसत नाही, मग हे शिकून उपयोग काय?

खरंय, एका फोनमध्ये डझनभर बँड आले आणि प्रत्येक बँडला वेगळा अरुंद आयसोलेटर लावणं परवडेना, म्हणून बॅलन्स्ड अँप्लिफायर आणि इतर सर्किटच्या युक्त्यांनी बऱ्याच ठिकाणी त्याची जागा घेतली. पण बेस स्टेशन, मायक्रोवेव्ह लिंक, सॅटेलाइट, रडार यांना अजूनही तो लागतोच. क्वांटम कॉम्प्युटरमध्ये तर सुपरकंडक्टिंग क्यूबिट (क्वांटम बिट) वाचताना अँप्लिफायरचा नॉइज मागे जाऊ नये म्हणून फ्रीजच्या आत आयसोलेटर बसवतात, आणि त्या फ्रीजमध्ये जागा इतकी मोजकी असते की छोटा आयसोलेटर ही तिथली रोजची गरज आहे. आपल्याकडे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) अशा क्यूबिटवर काम चालतं, २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओ लॅबबरोबर त्यांनी ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. महाराष्ट्रातल्या मुलांनी फेराइट म्हणजे जुनाट विषय असं समजून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मॅग्नेट न वापरता होत नाही का?

होतं, आणि हे काम फार सुंदर आहे. सर्किटचे गुणधर्मच वेळेनुसार बदलत ठेवले की रेसिप्रोसिटी मोडते. २०१६ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत रैस्करिमियन आणि कृष्णस्वामी यांनी ७५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा सर्क्युलेटर साध्या सीमॉस (नेहमीच्या सिलिकॉन) चिपवर करून दाखवला. अडचण अशी की स्विचला क्लॉक द्यावं लागतं, त्याला पॉवर लागते, नॉइज येतो, आणि ट्रान्समीटरची मोठी पॉवर स्विचला झेपत नाही. दुसरी वाट बेरियम हेक्साफेराइटची, त्याच्या आतच साधारण १७ हजार ओर्स्टेडचं अॅनिसोट्रॉपी फील्ड असतं, मॅग्नेट वेगळं लागतच नाही, पण २.८ ने गुणलं की रेझोनन्स ४७ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो, म्हणजे ते मिलिमीटर वेव्हचं सामान आहे, ९०० मेगाहर्ट्झचं नाही.

सुरुवात कुठून करू?

भंगारातून. जुन्या बेस स्टेशनच्या बोर्डवरचे ड्रॉप-इन आयसोलेटर जुन्या बाजारात मिळून जातात, एक घ्या, आधी नेटवर्क अॅनालायझरवर लॉस, आयसोलेशन आणि रिटर्न लॉस हे तिन्ही आलेख काढून ठेवा, मग झाकण फिरवून उघडा आणि एकेक थर क्रमाने कागदावर मांडा: मॅग्नेट, स्टीलची चकती, फेराइट, मधला कंडक्टर, परत फेराइट. परत जुळवा आणि परत मोजा, किती सरकलं बघा. फक्त लोडचा तो पांढरा सिरॅमिक तुकडा घासू नका, फोडू नका, ड्रिल तर अजिबात लावू नका, जास्त पॉवरच्या जुन्या लोडमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचं दुखणं होतं. तो तुकडा डब्यातच राहू द्या, बाकी सगळं खुशाल उघडून बघा.